संत लुईज द मारियाक व पॅरिसचीं पोरकीं मुलें

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठीं एखाद्या संताचें चरित्र लिहून द्यावें, अशी सूचना संपादक मंडळानें मला केली, तेव्हां आपल्या देवळाच्या आश्रयदात्या संताचें नांव प्रथम डोळ्यांपुढें आलें. परंतु तें चरित्र दर वर्षीं नोव्हेनाच्या नऊ दिवसांत आपण सर्वजण ऐकतोंच. म्हणून मीं दुसरें नांव निवडलें आहे. आपल्या महिला मंडळाच्या भगिनी गेलीं कित्येक वर्षें बुधवारीं दुपारीं घरचीं कामें उरकून जोडीजोडीनें बाहेर पडतात. कोणत्या घरीं कोवळ्या वयाची बाळंतीण एकटी आहे, शाळा सोडून नाक्यावर बसणारा मुलगा कोणाचा आहे, दारूपायीं कोणाची चूल पेटलेली नाहीं, हें त्यांना माझ्या आधीं कळतें. या कामाला ना पगार ना मानपत्र. ज्या बाईंनीं सुमारें चारशें वर्षांपूर्वीं अशा कामाला शिस्त व घडी घालून दिली, त्या संत लुईज द मारियाक यांची ओळख आपल्या लोकांस फारशी नाहीं. संत विन्सेंट डी पॉल यांच्या तसबिरीच्या सावलींत त्या झांकल्या गेल्या आहेत.

लुईज हिचा जन्म १२ ऑगस्ट १५९१ रोजीं झाला. तिचा बाप लुई द मारियाक हा फ्रान्स देशांतील एका मोठ्या व राजदरबारीं वजन असलेल्या घराण्यांतला. आई कोण होती, हें मात्र आजपर्यंत उघड झालेलें नाहीं. पहिल्या चरित्रकारानें एका कुलीन स्त्रीचें नांव आईच्या जागीं लिहून ही अडचण झांकली होती. पुढें अभ्यासकांनीं जुनीं कागदपत्रें तपासलीं, तेव्हां तें नांव टिकलें नाहीं. लुईज ही लग्नाबाहेर जन्मलेली मुलगी होती. संताच्या चरित्रांत ही गोष्ट कशाला सांगावी, असें कोणास वाटेल. मला तसें वाटत नाहीं. ज्या मुलांना पॅरिसचे लोक पापाचीं फळें समजून दूर लोटीत, त्यांना पुढें जिनें उराशीं धरलें, ती स्वतः कोण होती हें वाचकांस ठाऊक असलेंच पाहिजे.

बापानें तिला आपली म्हटलें व तिच्या पोटापाण्याची तजवीजही केली, पण घरांत तिला जागा मिळाली नाहीं. ती अगदीं लहान असतांनाच पॉसी येथील डॉमिनिकन मठांत तिला ठेवण्यांत आलें. तेथें तिच्या बापाची आत्या संन्यासिनी होती. मठांत ती उत्तम लिहावयास-वाचावयास शिकली, थोडें लॅटिन शिकली, चित्रें काढावयास शिकली. पुढें तिला तेथून काढून पॅरिसमध्यें एका गरीब, सुशील बाईच्या घरीं इतर मुलींबरोबर ठेवलें. तेथें स्वयंपाक, शिवण, घरचा हिशेब हीं कामें तिच्या अंगवळणीं पडलीं. पुढील आयुष्यांत मठांतील विद्येइतकीच, कदाचित् अधिकच, ही विद्या तिच्या कामास आली. सन १६०४ मध्यें बाप वारला. तेव्हां ती अवघी बारा वर्षांची होती.

कडक तपश्चर्येच्या कपुचिन संन्यासिनींच्या मठांत जावें, हा तिचा निश्चय होता. प्रकृति नाजूक म्हणून तिला नकार मिळाला. मग नातेवाईकांनीं लग्न ठरविलें व ५ फेब्रुवारी १६१३ रोजीं राणी मारी द मेदिची हिचा एक चिटणीस आंतवान ल ग्रा याच्याशीं तिचा विवाह झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, दिवस पुरे भरण्यापूर्वींच, मुलगा झाला. त्याचें नांव मिशेल. हें मूल पुढें मोठें झाल्यावरही लुईजबाईंच्या काळजाला कायमचें लागून राहिलें. त्याविषयीं पुढें लिहावयाचें आहे.

संसाराचीं पहिलीं वर्षें बरीं गेलीं. मारियाक घराण्यांतील एका आत्याचीं पोरकीं झालेलीं मुलेंही या दांपत्यानें संभाळलीं व त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहतां पाहतां आंतवान यानें स्वतःच्या मालमत्तेकडे दुर्लक्ष केलें. नंतर तो दीर्घ आजारानें खिळला. चिडचिडा झालेला नवरा, अशक्त मूल, खालावत जाणारी सांपत्तिक स्थिति, आणि आपण मठांत जाण्याचा नवस मोडला म्हणून तर देव शिक्षा करीत नाहीं ना, ही मनांतली टोंचणी. नवऱ्याला सोडून जावें कीं काय, आत्मा अमर आहे कीं नाहीं, येथपर्यंत शंका गेल्या. ४ जून १६२३ रोजीं, पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशीं, पॅरिसच्या सेंट निकोलस देवळांत मिस्साच्या वेळीं त्यांच्या मनावरचें हें मळभ एकाएकीं दूर झालें. नवऱ्याजवळच राहावें, पुढें अशी वेळ येईल कीं आपण इतर स्त्रियांबरोबर गरिबांच्या सेवेंत असूं, आणि तेथें येणें-जाणें चालू असेल, असें त्यांना आंतून स्पष्ट दिसलें. येणें-जाणें कसलें, हें त्यांना तेव्हां उमगलें नाहीं. कारण त्या काळीं संन्यासिनी म्हणजे भिंतीआड राहणारी स्त्री. हा प्रकाश त्यांनीं कागदावर लिहून जन्मभर जपून ठेवला. नवऱ्याची शुश्रूषा त्यांनीं शेवटपर्यंत केली. २१ डिसेंबर १६२५ रोजीं तो वारला.

वयाच्या चौतिसाव्या वर्षीं विधवा, हाताशीं बारा वर्षांचा मुलगा आणि बेताचें उत्पन्न. अशा स्थितींत फादर विन्सेंट यांच्याशीं त्यांचा अधिकाधिक संबंध येऊं लागला. फादर विन्सेंट हे शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले, धिम्या चालीचे, घाई न करणारे. त्यांनीं सन १६१७ मध्यें शातियों या गांवीं एक नवा उपक्रम सुरू केला होता. गांवाबाहेर एक सबंध कुटुंब आजारीं पडलें आहे, असें त्यांनीं रविवारीं प्रवचनांत सांगितलें, तेव्हां दुपारीं गांवच्या बायकांची त्या घराकडे रीघ लागली. अन्न इतकें जमलें कीं तें नासून जावें. आज ढीग व उद्यां उपास, हें पाहून त्यांनीं बायकांची पाळी लावली. एकेका दिवशीं एकीनें रांधावयाचें व पोंचवावयाचें, आणि सर्व खर्च वहींत मांडावयाचा. त्या मंडळाच्या नियमांत रोग्याच्या अंथरुणावर रुमाल कसा पसरावा, त्याचे हात कसे धुवावे, हें देखील लिहून ठेवलें आहे. ज्याच्याजवळ घरचें कोणी आहे त्याला आधीं वाढावें, आणि जो एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटीं जावें, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसतां येईल, असाही नियम आहे. मंडळें चालविणारांनीं हा नियम जरूर लक्षांत घ्यावा.

अशीं दयामंडळें गांवोगांवीं निघालीं. पण फादर पुढच्या गांवीं गेले कीं मागच्या गांवचें मंडळ मंदावे. मे १६२९ मध्यें त्यांनीं लुईजबाईंना पाहणीसाठीं प्रथम मोंमिराई येथें पाठविलें. पुढें चार वर्षें त्या खडखडणाऱ्या घोडागाडींतून, कपड्यांचें व औषधांचें गांठोडें बरोबर घेऊन, सेंट क्लू, व्हिलप्रो, बोव्हे, मोंत्रय अशीं गांवें हिंडल्या. मंडळाच्या बायकांना एकत्र बसवून वह्या तपासाव्या, भांडणें मिटवावीं, रोग्यांच्या घरीं स्वतः जाऊन यावें, आणि गांवांतल्या मुलींना जमवून अक्षरओळख व धर्मशिक्षण द्यावें, असा त्यांचा क्रम असे. त्यासाठीं त्यांनीं स्वतः एक लहान प्रश्नोत्तरमालाही तयार केली. त्यांचे अहवाल मीं वाचले आहेत. ते कोरडे आहेत. कोठें हिशेब बरोबर आहे, कोठें बायका आजाऱ्याकडे स्वतः न जातां दुसऱ्याच्या हातीं अन्न धाडतात, एवढेंच त्यांत आहे. मला ते त्यांच्या ध्यानाच्या टिपणांपेक्षां अधिक आवडतात.

पॅरिस शहरांत हीच अडचण मोठी झाली. येथील मंडळांत सरदारांच्या व न्यायाधीशांच्या बायका होत्या. त्यांची दया खरी होती, परंतु नवरा परवानगी देईना, अथवा चौथ्या मजल्यावरच्या कोंदट खोलींत उकळता हंडा घेऊन चढवेना. मग त्या मोलकरणीला पाठवीत. ही कोंडी मार्गारित नासो नांवाच्या एका गुराखी मुलीनें फोडली. ही सुरेन गांवची. गुरें राखतां राखतां, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अक्षरें विचारून ती वाचावयास शिकली होती व गांवच्या मुलींना शिकवीत होती. सन १६३० मध्यें ती पॅरिसला आली व थोर घरच्या बायकांना जें जमत नव्हतें तें तिनें केलें. फेब्रुवारी १६३३ मध्यें प्लेगच्या एका रोगी स्त्रीला आपल्या बिछान्यांत जागा दिल्यामुळें तिला मरण आलें. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं तिच्यासारख्या कांहीं खेडवळ मुली लुईजबाईंच्या घरीं एकत्र राहूं लागल्या. दयाकन्यांच्या संघाचा आरंभ तो हाच. त्यांना भिंती नव्हत्या. रस्त्यांवरून, जिन्यांवरून त्यांचें येणें-जाणें सुरू झालें, आणि दहा वर्षांपूर्वीं देवळांत दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लुईजबाईंना लागला. श्रीमंत बायकांचें मंडळही मोडलें नाहीं. सन १६३४ पासून मादाम गूसो या विधवा बाईच्या पुढाकारानें तें पॅरिसच्या मोठ्या रुग्णालयांत जाऊं लागलें. पैसा व वजन एका बाजूचें, हातपाय दुसऱ्या बाजूचे, आणि दोहोंमध्यें दुवा लुईजबाईंचा.

आतां पोरक्या मुलांची हकीकत.

गरिबी, लढाया व लोकलज्जा यांमुळें त्या काळीं पॅरिसच्या रस्त्यांवर व देवळांच्या दारांत दरसाल तीनशें-चारशें अर्भकें टाकलीं जात. पोलीस तीं उचलून ला कूश नांवाच्या एका घरांत नेत. तेथें एक विधवा व दोन मोलकरणी एवढींच माणसें होतीं. दूध पुरत नसे. रडणाऱ्या मुलांना अफूच्या गोळ्या देऊन निजवीत. (आपल्या मुंबईंतही एके काळीं गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना बाळगोळी देत, हें जुन्या लोकांस आठवत असेल. त्या आया क्रूर नव्हत्या.) आठ आठ सू इतक्या क्षुल्लक किमतीला मुलें भिकाऱ्यांना विकलीं जात, आणि भिकारी त्यांचे हातपाय मोडून त्यांच्यावर भीक मिळवीत. पुष्कळशीं स्नानसंस्कारावांचूनच मरत. त्या घरांतून वाढून मोठें झालेलें एकही मूल कोणास दाखवितां येत नव्हतें.

मंडळाच्या बायका हें घर पाहून आल्या, पण सर्व मुलें घ्यावयाचीं तर पैसा कोठून आणावा? शिवाय अनौरस मुलांवर कृपा केली तर पापालाच उत्तेजन मिळेल, हा आक्षेप होताच. तो आजही मधून मधून माझ्या कानांवर येतो. सन १६३८ च्या आरंभीं प्रयोग करून पाहण्याचें ठरलें. दोन-तीन मुलें घेऊन तीं गाईच्या दुधावर जगतात कीं काय, हें लुईजबाईंनीं पाहावें. प्रयोगानंतर बारा मुलें घ्यावयाचें ठरलें. बारा कोणतीं, हें चिठ्ठ्या टाकून ठरविण्यांत आलें. चिठ्ठींत ज्यांचें नांव निघालें नाहीं तीं मागें राहिलीं. त्या खोलींतून परत फिरणाऱ्या बायकांच्या मनाचें काय झालें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. दोन वर्षें हें असें चाललें, आणि जानेवारी १६४० मध्यें मंडळानें सर्वच मुलें घ्यावयाचा ठराव केला.

ठराव केला म्हणजे काम झालें असें नाहीं. मूल आलें कीं प्रथम स्नानसंस्कार, मग वहींत नांव, मग खेड्यांतील अंगावर पाजणाऱ्या दाईची निवड. दाईला महिन्याच्या महिन्यास पैसे द्यावयाचे. तिच्याकडे मूल जिवंत आहे ना, धुतलेलें आहे ना, हें पाहण्यासाठीं दयाकन्या गांवोगांवीं चालत जात. या दाया बहुधा स्वतःच तरुण, गरीब आया असत. मूल अंगावरून सुटलें कीं तें परत शहरांत येई, प्रार्थना व अक्षरें शिके, आणि मोठें झाल्यावर मुलगा धंद्याला व मुलगी शिवणकामाला लागे. सन १६४२ मध्यें राजा तेरावा लुई यानें वर्षाला चार हजार लिव्र लावून दिले व पुढें राणीनेंही भर घातली. परंतु खर्च त्याच्या कित्येक पट होता. सन १६४५ च्या सुमारास सेंट लाझारजवळ तेरा लहान घरें बांधून मुलें तेथें ठेविलीं. सन १६४७ मध्यें मंडळाच्या बायकांनीं बिसेत्र येथील जुना ओसाड किल्ला राणीकडून मिळविला. लुईजबाईंना ती जागा मुळींच पसंत नव्हती. ती दूर, थंड व मुलांस अपायकारक होती. त्यांनीं तसें स्पष्ट लिहिलें, आणि बहुमत विरुद्ध गेल्यावर गांठोडीं बांधून मुलांना घेऊन गेल्याही. त्यांचें म्हणणें खरें ठरलें. पुष्कळ मुलें तेथें दगावलीं.

नंतर यादवी युद्ध पेटलें. सन १६४९ च्या थंडींत पॅरिसला वेढा पडला, बिसेत्रच्या आसपास शिपाई धुमाकूळ घालूं लागले, व मुलांना घाईनें शहरांत आणावें लागलें. श्रीमंत बायकांचें उत्पन्न आटलें. पैसे थकले म्हणून दाया मुलें परत आणून दारांत ठेवूं लागल्या. दयाकन्यांनीं आपलें एक जेवण कमी केलें. लुईजबाईंनीं अधिकाऱ्यांना व धनिकांना पत्रांवर पत्रें धाडलीं. त्यांतल्या कांहींत इतकी निकड आहे कीं आज वाचतांनाही लाज वाटते. काम बंद करावें कीं काय, असा प्रश्न या वर्षांत एकाहून अधिक वेळां मंडळापुढें आला. फादर विन्सेंट यांनीं अशा एका सभेंत बायकांना मुलांचा न्याय करावयास सांगितला. तुम्हीं त्यांना सोडलेंत तर तीं मरतील, हें त्यांनीं आडपडदा न ठेवतां मांडलें. बायकांनीं सोडलें नाहीं. भाषण प्रसिद्ध झालें आहे, तें योग्यच आहे. पण बर्फांत उभे राहून हातांत अर्भक धरलेले फादर विन्सेंट तसबिरींत पाहिले म्हणजे मला वाटतें, तें दुपटें रात्रीं दोन वाजतां धुणारी कोणी तरी होती.

हें सर्व चाललें असतां त्या बाईंच्या स्वतःच्या घरीं काय होतें? मिशेल वयानें वाढला, पण त्याचें बस्तान बसेना. त्यानें धर्मगुरु व्हावें ही आईची तळमळ. त्याला गुरुविद्यालयांत घातलें, तेथें मन रमेना. मग जेझुइटांच्या विद्यालयांत. कधीं तो हो म्हणे, कधीं नको म्हणे. एकदां तर आपण केवळ आईसाठीं हा झगा घालीत आहों, असेंही त्यानें कळविलें. वीस वर्षें उलटलीं, तिशी आली, तरी धंदा नाहीं. सन १६४४ च्या सुमारास तो नाहींसाच झाला. आईला त्याचा ठावठिकाणा लागेना. मुलीच्या नादानें गेला, हें पुढें कळलें. ज्यांनीं शेंकडों मुलांच्या वह्या चोख ठेवल्या, त्यांना आपल्या एका मुलाची नोंद ठेवतां येईना. फादर विन्सेंट त्यांना वारंवार सांगत कीं तुमचें प्रेम वाजवीपेक्षां अधिक आहे, मुलाला देवावर सोंपवा, त्याला मोकळें सोडा. त्या ऐकत, आणि पुढच्या पत्रांत पुन्हां मिशेलविषयींच लिहीत. त्याचें अधःपतन आपल्या पापामुळें, हा विचार त्यांना सोडीना. फादर विन्सेंट यांचा सल्ला बरोबर होता, असें मला पूर्वीं वाटे. आतां मला त्या आईचीही बाजू दिसते.

मी नवा धर्मगुरु असतांना एक आई मुलासाठीं रडत माझ्याकडे आली होती. मीं तिला संत मोनिकेचें चरित्र वाचावयास दिलें. तिनें तें निमूटपणें परत आणून दिलें. लुईजबाईंचें चरित्र द्यावयास हवें होतें, असें आतां वाटतें. कारण मोनिकेचा मुलगा संत झाला, लुईजबाईंचा मुलगा फक्त माणसांत आला. जानेवारी १६५० मध्यें गाब्रिएल ल क्लेर या मुलीशीं त्याचें लग्न झालें, त्याला टांकसाळीच्या न्यायालयांत जागा मिळाली, व दुसऱ्या वर्षीं त्याला मुलगी झाली. तिचें नांव लुईज-रने. आजीच्या घरीं ती येई, तेव्हां दयाकन्या तिच्याभोंवतीं जमत.

लुईजबाईंची प्रकृति जन्मभर तोळामासा होती. तरी त्या अडुसष्ट वर्षें जगल्या. सन १६६० च्या फेब्रुवारींत हाताचा विकार बळावला. मिशेल, सून व नात भेटून गेलीं. त्यांना आईनें आशीर्वाद दिला. फादर विन्सेंट यांचें दर्शन व्हावें ही त्यांची अखेरची इच्छा होती, पण ऐंशीच्या घरांतले तेही अंथरुणाला खिळलेले. त्यांनीं आपल्या एका धर्मगुरूबरोबर तोंडी निरोप धाडला कीं त्या पुढें जात आहेत, आपणही लवकरच येऊं. १५ मार्च १६६० रोजीं लुईजबाईंनीं देह ठेवला. २७ सप्टेंबरला फादर विन्सेंटही गेले. पोरक्या मुलांचें काम मात्र थांबलें नाहीं. सन १६७० मध्यें राजा चौदावा लुई याच्या हुकुमानें तें राज्याचें रुग्णालय झालें, व दयाकन्या तेथें राहिल्या.

आपल्या देवळांतील सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेचे बंधु दर रविवारीं ज्या कुटुंबांची यादी वाचतात, त्या संस्थेचें मूळही येथेंच पोंचतें. सन १८३३ मध्यें पॅरिसच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं फ्रेडरिक ओझानाम यांच्यासह ती काढली, तेव्हां गरिबांच्या घरीं कसें जावें, काय बोलावें, काय बोलूं नये, हें त्यांना रोझाली रांदू या दयाकन्येनें शिकविलें. तिच्याजवळची शिकवण लुईजबाईंच्या घरचीच होती.

पोप अकरावे पायस यांनीं ११ मार्च १९३४ रोजीं लुईजबाईंना संतपद दिलें, आणि १९६० मध्यें पोप तेविसावे जॉन यांनीं त्यांना समाजसेवा करणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या आश्रयदात्या ठरविलें. त्यांचा सण पूर्वीं १५ मार्चला येई. तो बहुधा उपवासकाळांत सांपडत असल्यामुळें लोकांच्या लक्षांत राहत नसे. सन २०१६ पासून तो ९ मे रोजीं पाळला जातो. त्या दिवशीं सकाळच्या मिस्सानंतर आपल्या महिला मंडळाची वार्षिक सभा यंदापासून देवळाच्या ओसरीवर भरणार आहे. बुधवारच्या पाळींत नवीं नांवें घालावयाचीं आहेत. वही मंडळाच्या चिटणीसबाईंकडे आहे.